पॉडकास्टच्या आधी आपल्याकडे बतावणी होती

(पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा.)

दोन-तीन माणसं माईक पुढ्यात घेऊन बसतात. हातात कागद नसतो. तास-दोन तास बोलतात. निवडणूक, आरक्षण, देवधर्म, पाकिस्तान, अमेरिका, युक्रेन, गाझा, काही सुटत नाही. आपल्याकडे कराडच्या एसटीत, विट्याच्या यंत्रमागावर, द्राक्षाच्या छाटणीला, उसाला पाणी देताना रात्रीच्या लायटीची वाट बघत बसलेल्या माणसाच्या कानात हे चालू असतं. लोक म्हणतात, काळ बदलला, आता सामान्य माणसालाही मोठमोठ्या विषयांवर मोकळं ऐकायला मिळतं.

मिळतं हे खरं. पण हे नवीन आहे, हे मात्र खरं नाही. निदान सातारा-सांगलीच्या माणसाने तरी असं म्हणू नये. आधी न लिहिता, लोकांसमोर, राजकारणावर आणि धर्मावर बोलण्याची आपल्या या पट्ट्यात पावणेदोनशे वर्षांची परंपरा आहे. तिचे नियम होते, तिची शिस्त होती, तिची किंमत मोजलेली माणसं होती. ती परंपरा आठवली, तर आज कानावर काय पडतंय ते तपासायला एक माप हाताशी येतं. त्यासाठीच हा सगळा लेखनप्रपंच.

एक खुलासा आधीच करतो. आज आपण सातारा आणि सांगली असे दोन जिल्हे म्हणतो, पण १९४९ पर्यंत वाळवा, तासगाव, खानापूर हे सगळे तालुके सातारा जिल्ह्यातच होते. संस्थानं विलीन झाली, १९४९ ला दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. त्यामुळे जुन्या कागदात 'सातारा' दिसलं की त्यात वाळव्याचा, कुंडलचा माणूसही धरायचा.

सुरुवात सांगलीपासून.

५ नोव्हेंबर १८४३. सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं. हा दिवस आपण मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीचे राजे चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांनी पाहिले होते आणि तसं काही मराठीत व्हावं, हे काम त्यांनी भाव्यांवर सोपवलं. हे आपण शाळेत वाचलेलं असतं. पण एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. या नाटकात पदं लिहिलेली होती, संवाद लिहिलेले नव्हते. सूत्रधार पद म्हणायचा, कथा पुढे न्यायचा, आणि पात्रं त्या प्रसंगाला साजेसं गद्य जागच्या जागी बोलायची. म्हणजे ज्याला आपण मराठी नाटकाचा जन्म म्हणतो, तो बिनलिहिलेल्या बोलण्यात झाला.

त्यात सूत्रधाराच्या जोडीला विदूषक. सूत्रधार शहाणा, त्याला सगळं ठाऊक. विदूषक येडबंबू, त्याला काहीच ठाऊक नाही, म्हणून तो विचारतो. आणि तो विचारतो म्हणून सूत्रधाराला सोपं करून सांगावं लागतं. दोन माणसांच्या गप्पा रंगायच्या तर एकाला सगळं माहीत असून चालत नाही. दुसऱ्याला अडवता आलं पाहिजे. ही गोष्ट पुढे पुन्हा पुन्हा भेटणार आहे, ध्यानात ठेवा.

आता महात्मा फुल्यांकडे येऊ. त्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण, आणि सावित्रीबाईंचं माहेर खंडाळा तालुक्यातलं नायगाव. म्हणजे घर आपलंच. जोतीरावांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिलं. त्यात विदूषक आहे, आणि तो नुसता हसवत नाही. जोशीबुवा अडाणी कुणबी जोडप्याला फसवतोय, तिथे मधेच येऊन तो प्रेक्षकांना सांगतो की बघा, हे काय चाललंय. दरबारी नाटकातलं मधे बोलणारं पात्र जोतीरावांच्या हातात असं धारदार झालं.

मग १८७३ मध्ये 'गुलामगिरी' आलं. हे पुस्तक आपण नावाने ओळखतो, पण ते लिहिलंय कसं, ते बघा. सोळा भाग, आणि सगळं पुस्तक म्हणजे जोतीराव आणि धोंडीबा यांच्यातलं बोलणं. धोंडीबा विचारतो, शंका काढतो, पुराणात तर असं सांगितलंय मग तसं कसं म्हणता, असं अडवतो. जोतीराव उत्तर देतात. आणि हे पुस्तक अर्पण केलंय कुणाला? अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या तिथल्या लोकांना. अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपली १८६५ मध्ये. आठ वर्षांत पुण्यातला एक माणूस तिकडची घटना इकडच्या शूद्रातिशूद्रांच्या दुःखाशेजारी ठेवून दाखवतो. धर्म, राजकारण आणि परराष्ट्र, तिन्ही विषय एका पुस्तकात, आणि तेही गप्पांच्या रूपात. 'सार्वजनिक सत्य धर्म' हे त्यांचं शेवटचं पुस्तक १८९१ ला, ते गेल्यानंतर छापलं गेलं. पक्षाघाताने उजवा हात गेल्यावर डाव्या हाताने लिहिलेलं. तेही प्रश्नोत्तराचंच. वेगवेगळी माणसं विचारतात आणि जोतीराव सांगतात.

फुल्यांना निबंध लिहिता येत नव्हता, असं थोडंच आहे? पण ज्यांच्यासाठी लिहायचं, त्यातल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं. एकाने वाचायचं आणि दहांनी ऐकायचं, असाच तो काळ. संवाद असला की ऐकणाऱ्याला धोंडीबाच्या जागी बसता येतं. त्याच्या मनातली शंका धोंडीबा आधीच बोलून दाखवतो.

ही रीत पुस्तकातून पारावर आणली सत्यशोधक जलशांनी.

जलसा म्हणजे तमाशाच्या अंगाने जाणारा सुधारणेचा खेळ. तमाशाची बांधणी आपल्याला माहीत आहे: गण, गवळण, बतावणी, वग. जलशाने ढाचा तोच ठेवला आणि आतला माल बदलला. गणात निर्मिकाचं स्तवन आलं. कृष्ण-गोपींची गवळण मागे पडली. आणि बतावणीत, वगात भट, सावकार, पाटील, कुणबी, त्याची बायको अशी रोजची माणसं आली. पोरांना शाळेत घाला, लग्नात कर्ज काढू नका, दारू सोडा, वतनाच्या तोऱ्यात राहू नका, भटजीवाचून लग्न लागतं. गाणी बांधलेली असायची, पण मधलं बोलणं गाव बघून व्हायचं. ज्या गावात सावकाराचा जाच जास्त, तिथे सावकारावर जोर. हे फक्त तमाशातल्या माणसाला जमत होतं, कारण त्याला पाठांतराची सवयच नव्हती. वगाची गोष्ट सरदार संध्याकाळी सांगायचा आणि रात्री ज्याने-त्याने आपापल्या तोंडाने ती उभी करायची.

१९१० ते १९३० या काळात सातारा जिल्हा सत्यशोधक चळवळीचं मोठं ठाणं होता. १९१९ साली कराडजवळच्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेची मुहूर्तमेढ रोवली, ती याच वातावरणात. आज ज्यांच्या घरात रयतेत शिकलेला एक तरी माणूस आहे, आणि या दोन जिल्ह्यांत असं घर शोधायला लांब जावं लागत नाही, त्यांनी त्याचं थोडं श्रेय त्या रात्रभर चाललेल्या बिनलिहिलेल्या बोलण्याला द्यावं.

परदेशाचं राजकारण तेव्हाच्या खेड्याला काय कळणार, असं कुणाला वाटत असेल तर त्याने साताऱ्याजवळच्या अपशिंगेत जावं. अपशिंगे मिलिटरी म्हणतात त्या गावाला. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान गेले. मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढत होत्या. १९१६ मध्ये कूतच्या वेढ्यात अन्नाविना कोंडल्या गेलेल्या फौजेत मराठा पलटणीही होत्या. तेव्हा बसरा कुठे आहे, तुर्क कोण, इंग्रज तिथे कशाला गेला, हे प्रश्न इथल्या घरांना फावल्या वेळेतले नव्हते. मनीऑर्डर येणार की तार येणार, असा तो प्रश्न होता. आज युक्रेनवर तावातावाने बोलणाऱ्यांपेक्षा त्या चावडीवरच्या माणसांना जगाची झळ जास्त लागलेली होती.

पुढे १९४२ चं प्रतिसरकार. क्रांतिसिंह नाना पाटील, येडेमच्छिंद्रचे. तलाठ्याची नोकरी सोडून १९३० साली चळवळीत उतरलेला माणूस, मूळ पिंड सत्यशोधक. नानांचं भाषण ज्यांनी ऐकलं ते सांगायचे की ते भाषण वाटायचंच नाही. बांधावर बसून शेजाऱ्याशी बोलावं तसं बोलायचे. बैल, नांगर, मोट, सोयरीक यातूनच साम्राज्यशाही समजावायची. समोरच्याला प्रश्न टाकायचा आणि त्याच्याकडूनच उत्तर काढून घ्यायचं. हा घाट जलशातला. कुंडल, वाळवा, वाईपासून खाली शिराळ्यापर्यंत पसरलेलं प्रतिसरकार चार वर्षं टिकलं, त्यात शस्त्राचा वाटा होता, तुफान सेनेचा होता, तसाच लोकांशी लोकांच्या भाषेत बोलण्याचाही होता. गावात न्याय करायचा तो लोकांसमोर, आणि लग्न लावायचं ते गांधी पद्धतीने, कमी खर्चात. सत्यशोधकांनी वीस वर्षं बतावणीत जे बोलून दाखवलं, ते या पोरांनी करून दाखवलं.

याच वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे. जन्म १ ऑगस्ट १९२०. शाळा जवळजवळ नाहीच. वडिलांबरोबर चालत मुंबई गाठली. लहानपणापासून तमाशाच्या फडात वावर, मग मुंबईत कामगार चळवळ. १९४३ च्या फेब्रुवारीत स्टालिनग्राडला जर्मन फौजा शरण आल्या आणि त्या लढाईवर अण्णा भाऊंनी पोवाडा रचला. रशिया तोवर पाहिला नव्हता, तो १९६१ मध्ये पाहिला आणि 'माझा रशियाचा प्रवास' लिहिला. पण व्होल्गाकाठची लढाई परळ-लालबागच्या गिरणी कामगाराला, म्हणजे आपल्याच भागातून तिकडे गेलेल्या माणसाला, डफाच्या तालावर समजावून सांगितली. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक उभं केलं. आणि तमाशातून गवळण काढली, गणात देवाऐवजी हुतात्म्यांना आणि मातीला जागा दिली, आणि बतावणी धारदार केली. त्याला आपण लोकनाट्य म्हणतो.

सरकारला ही गोष्ट झेपली का? अजिबात नाही.

इंग्रजांनी १८७६ मध्येच नाट्यप्रयोगांवर नियंत्रण आणणारा कायदा केला होता. छापलेलं नाटक जप्त करता येतं. पण जे लिहिलेलंच नाही, ते कसं जप्त करणार? बिनलिहिलेलं बोलणं ही तमाशाची ढाल होती. पोलीस पाटील येऊन बसला, की सोंगाड्या विषय बदलणार. तो उठला, की पुन्हा सुरू. गंमत अशी की ही ढाल काढून घेतली ती स्वातंत्र्यानंतरच्या आपल्याच सरकारने. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणाने तमाशावर बंदी आणली. नंतर ती उठली, पण संहिता आधी दाखवा, मंजूर करून घ्या, मग खेळ करा, अशी पद्धत आली. अश्लीलता होती, नाकारायचं कारण नाही. पण त्याच कात्रीने बतावणीतलं राजकारणही कापता येत होतं, आणि लाल बावट्याच्या मंडळींना ते चांगलं ठाऊक होतं.

तरीही बतावणी मेली नाही. मिरज तालुक्यातल्या कवलापूरच्या काळू-बाळूंना ज्यांनी पाहिलंय, त्यांना मी काय सांगू? जुळे भाऊ, दोघेही हवालदाराच्या वेशात, एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा. 'जहरी प्याला' लागला की गाड्या जुंपून लोक यायचे. पुढे वसंत सबनीसांचं 'विच्छा माझी पुरी करा' आलं, त्यात दादा कोंडके रोजच्या पेपरातली बातमी त्या रात्रीच्या प्रयोगात आणायचे. नाटक लिहिलेलं, पण सगळ्यात जास्त हशा न लिहिलेल्याला.

बतावणी चालते कशी, हे नव्या पोरांसाठी सांगतो. साचा साधारण असा. राजा विचारतो, "प्रधानजी, आमची प्रजा सुखी आहे ना?" प्रधान म्हणतो, "होय महाराज." मधेच सोंगाड्या, "कुठल्या गावची म्हनायची ही प्रजा? आमच्या गावाला एष्टी येत न्हाय, सुख वाटंतच उतरलं आसंल." समोर हशा. आता राजाला उत्तर देणं भाग आहे. सोंगाड्या मूर्ख आहे, म्हणून त्याला रागावता येत नाही. आणि तो खरं बोलतोय, म्हणून त्याला टाळताही येत नाही.

या सगळ्या इतिहासातून मला तीन गोष्टी दिसतात, आणि आजच्या गप्पांना मी त्याच लावून बघतो.

पहिली, सोंगाड्या आहे का? भाव्यांचा विदूषक, फुल्यांचा धोंडीबा, जलशातला कुणबी, तमाशातला सोंगाड्या, हे सगळे एकच काम करतात. शहाण्याला अडवतात. आज फोनवर जे ऐकतो त्यात बऱ्याचदा दोन्ही बाजूला प्रधानजी बसलेले असतात. एक म्हणतो, दुसरा मान हलवतो, "अगदी बरोबर, सर." दोन तास झाले तरी एकानेही "हे तुम्हाला कसं कळलं?" असं विचारलेलं नसतं. कागद नाही म्हणून ती मोकळी चर्चा होत नाही.

दुसरी, गाव समोर आहे का? बतावणी करणाऱ्याला समोरून चप्पल येऊ शकत होती. चुकीचं बोलला तर त्याच रात्री कळायचं. पाटलावर विनोद केला, तर उद्या त्याच पाटलाच्या गावातून बिऱ्हाड न्यायचं होतं. आणि हे विसरू नका की फडातली बहुतेक माणसं महार, मांग, कोल्हाटी समाजातली. रात्री राजाला वाकवणारा सोंगाड्या सकाळी गावकुसाबाहेरच असायचा. त्याच्या शब्दाला जोखीम होती, म्हणून वजन होतं. आज बोलणारा कुठल्या शहरात, कुठल्या खोलीत बसलाय, ते आपल्याला माहीत नसतं. त्याच्या बोलण्याचे परिणाम मात्र आपल्या गावात होतात.

तिसरी, दौलतजादा कुणाची? तमाशात पैसे देणाऱ्याचं नाव मोठ्याने पुकारलं जायचं. अमक्या गावच्या तमक्यांकडून इतके रुपये. अख्ख्या जत्रेला कळायचं की कुणी दिले आणि त्यानंतर बोलणं कुठे वळलं. आजच्या गप्पांवर दौलतजादा कोण करतंय? पक्ष, कंपनी, की कुठला सट्ट्याचा ॲप? नाव कोण पुकारतं?

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मीही प्रधानजीच ठरेन. जुनं सगळं सोनं नव्हतं. बतावणीत बाईची टिंगल ठरलेली असायची, आणि बाईला स्वतःचं बोलणं फार कमी मिळायचं. जातीवरचे विनोद सर्रास होते. आणि विचारांवरची टीका माणसांवर कधी जाते, ही रेघ आपल्याच भागात पुसली गेलेली आहे. फेब्रुवारी १९४८ मध्ये, गांधीजींच्या खुनानंतर, याच सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात ब्राह्मणांची घरं जाळली गेली. ज्यांचा खुनाशी काडीचा संबंध नव्हता, त्यांचीही. फुल्यांच्या पुस्तकात धोंडीबाला शंका काढायला जागा आहे. पेटलेल्या जमावात ती कुणालाच नसते.

आणि हे फार जुनं आहे असं समजू नका. १० सप्टेंबर २०२३, खटाव तालुक्यातलं पुसेसावळी. सोशल मीडियावरच्या आक्षेपार्ह पोस्टवरून रात्री जमाव जमला, प्रार्थनास्थळावर हल्ला झाला, एका तरुणाचा जीव गेला. जिल्ह्यातलं इंटरनेट बंद करावं लागलं. फुल्यांचं कटगुण याच तालुक्यात आहे. ज्या तालुक्याच्या मातीतून प्रश्न विचारण्याची एवढी मोठी परंपरा निघाली, तिथे एका पोस्टपुढे "हे कुणी टाकलं, खरं आहे का, थांबा जरा" असं विचारणारा सोंगाड्या त्या रात्री कमी पडला. मला या गोष्टीचं राहून राहून वाईट वाटतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. पॉडकास्ट ऐका, जरूर ऐका. आपल्या आज्यांनी रात्ररात्र बसून ऐकलं, आपण हेडफोन लावून ऐकू. पण ऐकताना सोंगाड्याची जागा रिकामी दिसली, तर ती आपण घ्यायची. घरात, पारावर, ग्रुपवर, कुणी काही ठासून सांगायला लागला की न भांडता, न शिव्या देता, जरा येड्यासारखं विचारायचं, "आवं पर हे तुमास्नी सांगितलं कुणी?" हा एक प्रश्न आपल्या बापजाद्यांनी पावणेदोनशे वर्षं जपून आपल्यापर्यंत आणलाय.

आणि घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल, तर आज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा आणि विचारा की गावच्या जत्रेत कुणाचा फड यायचा, सोंगाड्या कोण होता, कुणाची खोड काढायचा. जे सांगतील ते लिहून ठेवा, जमलं तर इथेही टाका. यातलं फारसं कुठे लिहिलेलं नाही. ती माणसं गेली की तेही जाईल.